अक्कांनी न लिहिलेले प्रकरण

श्रीमती कुमुदिनी नाडगीर, म्हणजे आमच्या अक्का, यांच्या अमृतमहोत्सवाचे निवेदन समितीने छापले, तेव्हा त्याच्यासोबत अक्कांचा एक छोटा परिचय मी लिहून दिला होता. त्यात असे वाक्य आहे : ‘ “पुराव्याशिवाय” या कादंबरीचे शेवटचे प्रकरण म्हणजे अक्कांच्या साऱ्या लेखनाचे सार, क्षमा म्हणजे काय ते ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने ते वाचावे.’ हे विधान चूक आहे. ते प्रकरण अक्कांचे नाही. त्यातली क्षमाही अक्कांची नाही. ज्यांनी माझा परिचय वाचून ते प्रकरण वाचले असेल, त्यांनी कृपया ही दुरुस्ती ध्यानात घ्यावी.

गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला संपादकांनी सांगितले. पण चूक दुरुस्त केल्याशिवाय पुढचे वाक्य लिहायचे नाही, असे माझ्या घरातले शिक्षण. लहानपणी दम्यामुळे चौथीपर्यंत मला शाळेत जाता आले नाही. माझे वडील, अप्पा, धारवाडच्या न्यायालयात भाषांतरकार होते. कानडी साक्ष मराठीत, मराठी साक्ष कानडीत. त्यांनीच मला घरी शिकवले. ते म्हणायचे, ‘साक्षीदार रडला तर “रडला” असं लिहायचं. “दुःखी झाला” असं लिहायचं नाही. ते आपल्याला कुठं ठाऊक असतं?’ या लेखात मी तेवढे पाळण्याचा प्रयत्न केला आहे.

अक्कांची माझी पहिली भेट अप्पांमुळेच झाली. मी दहा वर्षांची असेन. एका शनिवारी अप्पा मला स्कूटरवर पुढे उभी करून धारवाडजवळच्या रायापूरला अक्कांच्या घरी घेऊन गेले. तिथे शनिवारी दुपारी जुनी नाटके वाचली जातात, एवढेच मला सांगितले होते. बैठकीच्या खोलीत पंधरावीस बायका सतरंजीवर बसल्या होत्या. नर्सबाई होत्या, बँकेतल्या होत्या, सुभाष रोडवरच्या कापडदुकानात साड्या दाखवणाऱ्या मुली होत्या. पुरुष दोनच, अप्पा आणि अक्कांचे यजमान नाना. नाना हायस्कुलात गणित शिकवत. राजाची भूमिका नेहमी त्यांच्याकडे असे, कारण दुसरा कोणी पुरुष मिळत नसे, आणि ते ती फार वाईट वाचत.

त्या दिवशी वाचायचे होते ते राजसभेतल्या नकाराचे जुने संस्कृत नाटक, मराठी भाषांतरातले. राजाने रानात गुपचूप लग्न केलेली बायको सभेत येते आणि राजा सगळ्यांदेखत म्हणतो, हिला मी ओळखत नाही. मला द्वारपालाचे काम दिले होते. नाना नकाराचे वाक्य भाजीचा भाव सांगावा तसे वाचून मोकळे झाले. आता द्वारपालाने तिला बाहेर न्यायचे होते. मी जागची हलले नाही.

‘अगं, ने की तिला बाहेर,’ कोणीतरी म्हणाले.

‘कुठं नेऊ?’

‘बाहेर गं. एवढंच लिहिलंय.’

‘बाहेर म्हणजे कुठं? तिला घर नाही. मी नाही नेणार.’

सगळ्या हसल्या. नानांनी चष्मा काढून विचारले, ‘राजाचं ऐकत नाहीस? नोकरी जाईल हं.’ अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. अप्पांना म्हणाल्या, ‘हिला दर शनिवारी आणायचं.’

अक्कांचे कादंबरीलेखन कसे होते, हे या ग्रंथात माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी सांगतील. मी फक्त पाहिले ते सांगते. जुने नाटक घ्यायचे आणि त्यातली माणसे आजच्या हुबळी-धारवाडात आणून सोडायची, ही त्यांची रीत. राजाचा हुबळीचा बांधकाम कंत्राटदार व्हायचा. गणिका लग्नसमारंभांत गाणारी ऑर्केस्ट्रातली मुलगी व्हायची. विदूषक हमखास विम्याचे हप्ते गोळा करणारा मावसभाऊ. समीक्षकांनी या कादंबऱ्यांना ‘वाचनालयी प्रेमकथा’ म्हटले. ते खोटे नाही. त्या वाचनालयांतूनच वाचल्या गेल्या, पुठ्ठ्याची बांधणी पुन्हा पुन्हा करून. मात्र हे म्हणणाऱ्यांपैकी शनिवारी कोणी सतरंजीवर बसलेले मला आठवत नाही.

अक्का नाटक शेवटाकडून वाचायला लावत. आधी शेवटचा अंक, मग पहिला. का, असे मी एकदा विचारले. ‘शेवट पटला तर मी पहिलं पान लिहिते. नाही पटला तर नाटक परत कपाटात,’ त्या म्हणाल्या. आणि पटला की नाही, हे त्या एकट्या ठरवत नसत. शेवटचा अंक वाचून झाला की एकेकीला विचारत, ‘तू असतीस तर?’

एकदा नायक बारा वर्षांनी परत येतो, असा अंक होता. नर्सबाई म्हणाल्या, ‘मी आधी त्याचं रक्त तपासलं असतं.’

‘मी त्याच्या आईला भेटले असते,’ बँकेतल्या वहिनी म्हणाल्या. ‘परत येतोय म्हणजे आई आजारी पडलीय. करायला माणूस पाहिजे.’

नाना म्हणाले, ‘बिचारा बारा वर्षं चालून आलाय. पाणी तरी द्या की.’

‘पाणी देऊ हो,’ अक्का म्हणाल्या. ‘पाण्याला कोण नाही म्हणतंय?’

हे सगळे त्यांच्या पानांवर येई. त्यांच्या नायिका दारात आलेल्या माणसाला पाणी देतातच. वाचकांनी हे पाहिले असेल. त्याचे मूळ तिथे आहे.

अक्कांच्या मायेबद्दल पुष्कळ लिहिता येईल. मी एकच सांगते. अप्पा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. दिवसकार्य आटोपले, पाहुणे गेले, आणि आई दिवसदिवस चुलीकडे फिरकेना. तेव्हा नाना रोज सकाळी रायापूरहून बसने डबा घेऊन येऊ लागले. दारात उभे राहून म्हणत, ‘राजा डबा घेऊन आलाय. आत सोडा.’ भाकरी, पिठले, कधी मुळ्याची भाजी. अक्का स्वतः महिनाभराने आल्या. सांत्वनाचे काही बोलल्या नाहीत. आईला म्हणाल्या, ‘शनिवारी राणी कमी पडायलीय. येतेस?’ आई गेली. आजही जाते.

आता जे लिहायचे आहे ते जड आहे.

आमच्यात शैला नावाची मुलगी होती. ब्लाउज शिवायची, वाचताना ओळीवर बोट ठेवायची. नवऱ्याने तिला भर चौकात, शेजारीपाजारी बघत असताना, घराबाहेर काढले होते. त्या वर्षी अक्कांची जी कादंबरी निघाली, तिच्यात नायक रात्रीचा एकटा येतो, नायिकेची क्षमा मागतो आणि ती त्याच्याबरोबर जाते. ती ज्या नाटकावरून लिहिली त्यातही तसेच होते. सगळ्यांना तो शेवट पटला होता, मलाही. पुढे शैलाचा नवरा तसाच आला. एकटा, संध्याकाळी, कोणाला न कळवता. ती गेली. पावसाळा संपायच्या आत ती सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असे सासरच्यांनी सांगितले. ती परत गेली आहे हेच मुळी कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे विचारणारेही कोणी नव्हते.

अक्का शैलाच्या आईला भेटायला गेल्या तेव्हा मी बरोबर होते. आईने आम्हाला चहा दिला. मग म्हणाली, ‘तुमची लई पुस्तकं वाचायची ती. ट्रंकेत एक होतं. वाचनालयाचं आहे, तेवढं परत करा.’ तिच्या बोलण्यात राग होता असे मी लिहू शकत नाही. तो मला दिसला नाही. अक्कांनी पुस्तक घेतले आणि पिशवीत ठेवले.

त्यानंतर दोन-तीन वर्षे त्यांनी काही लिहिले नाही. शनिवार चालू राहिले, पण ‘तू असतीस तर?’ हा प्रश्न बंद झाला. मग एका दुपारी राजसभेच्या त्याच नाटकाचा शेवट पुन्हा वाचला गेला. राजाला सगळे आठवते, बायको सापडते, आणि दूर कुठे एकांतात तो तिच्या पाया पडतो. वाचन थांबले, आणि अक्का म्हणाल्या, ‘नाकारलं कुठं? सभेत. आणि पाया कुठं पडला? जिथं कुणी नाही तिथं. हे मला आता चालत नाही. ज्या लोकांसमोर नाकारलं, त्याच लोकांसमोर त्यानं सांगितलं पाहिजे. मग तिनं जायचं की नाही, ते ती बघेल.’

नाना म्हणाले, ‘पुरुषाला अवघड आहे हो.’

‘म्हणून तर,’ अक्का म्हणाल्या.

‘पुराव्याशिवाय’चा जन्म असा झाला. नायिका वसुधा ही परिचारिका, नायक सुभाष रोडवरच्या सराफाचा मुलगा. देवळात गुपचूप लग्न होते. ती दिवस गेल्याचे सांगायला दुकानात येते, आणि गादीवर वडील बसलेले, गिऱ्हाईक बसलेले, अशा वेळी तो म्हणतो, ‘या बाईंना मी ओळखत नाही. काय हवं ते दाखवा त्यांना.’ हे वाक्य नानांनी पहिल्यांदा वाचले तेव्हा कधी नव्हे ते त्यांचा आवाज अडखळला.

कादंबरी प्रकाशकाकडे गेली आणि थोड्याच दिवसांत अक्कांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. महिन्यांनी वाचा थोडी परतली ती कानडीत. घरात, लेखनात, साठ वर्षे ज्या भाषेत त्या राहिल्या, ती मराठी त्यांना कळते, पण बोलायला येत नाही. लहानपणी गल्लीत खेळताना उचललेली कानडी तेवढी दोन-दोन, तीन-तीन शब्दांनी येते. डॉक्टर म्हणाले, दोन भाषांच्या माणसाला असे होते. मधल्या काळात पुस्तक छापून आले. आम्ही ते अक्कांच्या उशाशी ठेवले. त्यांना ते हातात धरता येत नव्हते. आम्हा सगळ्यांना वाटले, लिहिणारीला काय वाचून दाखवायचे. म्हणून कोणीच वाचून दाखवले नाही. आमच्यासारख्या, दर शनिवारी मोठ्याने वाचणाऱ्या माणसांकडून ही चूक व्हावी, याचे मला अजून नवल वाटते. छापलेला शेवट त्या दुपारी अक्का बोलल्या तसा नाही, हे मला दिसले होते. मला वाटले, दुखण्याच्या आधी अक्का मऊ झाल्या असतील. आणि मी परिचयात ते वाक्य लिहिले.

निवेदन निघाल्यावर आठवड्याभरात रेणुका रायापूरला आली. हे तिचे खरे नाव नाही. लग्नाआधी ती धारवाडला साड्यांच्या दुकानात कामाला होती आणि शनिवारी यायची. माहेर कलघटगीच्या बाजूला एका खेड्यात. तिच्या मुलीच्या बारशाला नवरा हुबळीहून आला आणि पाळण्याजवळ, साऱ्या गावच्या बायका बसलेल्या असताना, म्हणाला, ‘हे पोर माझं नव्हे.’ आणि उठून गेला. तेव्हापासून ती माहेरी आहे. मुलगी आता चालायला लागली आहे.

रेणुका त्या दिवशी आनंदात होती. अक्कांच्या कॉटशेजारी बसून म्हणाली, ‘अक्का, त्याचा फोन येतोय. चुकलं म्हणतोय. पंचमी झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घेऊन येतो म्हणालाय. वेगळं घर बघितलंय. कुणाला सांगू नको म्हणालाय, उगीच चर्चा नको. तुमच्या वसुधासारखंच झालं की नाही माझं? ती पण अशीच पोराला उचलते आणि गाडीत बसते.’

अक्कांनी डावा हात कॉटच्या लोखंडी दांडीवर आपटला.

‘काय झालं अक्का? पाणी देऊ?’

अक्का म्हणाल्या, ‘ब्याड.’ कानडीत ‘नको’. मग पुन्हा, ‘ब्याड, ब्याड,’ आणि हात आपटत राहिल्या.

‘दमल्या,’ रेणुका म्हणाली. ‘मी निघते.’ दारात माझ्याकडे वळून म्हणाली, ‘अश्विनी, माझा निर्णय होत नव्हता बघ. मग तुझं वाचलं. तूच लिहिलंयस ना, ते प्रकरण म्हणजे अक्कांचं सार म्हणून. पुन्हा वाचलं आणि ठरवलं.’

ती गेल्यावर मी अक्कांजवळ बसले आणि ते प्रकरण पहिल्यापासून मोठ्याने वाचले. संध्याकाळ, गाडी, अंगठी, पाया पडणे, गाडीचे दार. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटच्या ओळीला त्यांनी डोळे उघडले आणि स्पष्ट म्हणाल्या, ‘अदु नंदल्ल.’ ते माझे नव्हे.

नाना चहा घेऊन दारात उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, ‘अशू, ही दोन वर्षं उशाशी घेऊन झोपलीय ते.’

दुसऱ्या दिवशी मी प्रकाशकांकडे गेले. ते वाईट गृहस्थ नाहीत. अक्कांच्या दुखण्यात दवाखान्यात बसून राहिलेल्यांत तेही होते. त्यांनी लपवले नाही. ‘अगं, शेवट कडू होता,’ ते म्हणाले. ‘तो येतो आणि तसाच जातो. अक्कांशी बोलणार होतो, तेवढ्यात हे झालं. वाचनालयवाले रोज विचारायचे, कधी येतंय. मग एकाकडून गोड करून घेतलं. प्रेमकथा आहे बाळ, बायका दमून घरी येतात, त्यांना काय रडवायचं?’

‘मूळ पानं कुठं आहेत?’

‘गेली असतील. छापून झालं की कोण ठेवतंय.’

मी त्यांना शैलाबद्दल आणि रेणुकेबद्दल सांगितले.  पुढच्या आवृत्तीत अक्का सांगतील तसे करू, असे ते म्हणाले. पुढची आवृत्ती पंचमीच्या आत निघणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होते आणि मलाही.

त्या संध्याकाळी मी रेणुकेला फोन केला. छापलेला शेवट अक्कांचा नाही आणि माझे वाक्य चूक आहे, हे सांगितले.  ती म्हणाली, ‘मग अक्कांचा शेवट काय आहे?’

मला प्रकाशकांच्या बोलण्यावरून अंदाज होता. पण तो अंदाज होता. मी म्हणाले, ‘अक्कांकडून ऐकल्याशिवाय मी सांगणार नाही. माझ्या पदरचं काहीतरी त्यात पडेल.’

‘तू अशीच,’ ती म्हणाली. ‘घर पेटलं तरी आधी खात्री करशील.’

‘तुला नको जाऊस म्हणून सांगू का? तसं सांगते. जाऊ नकोस.’

‘ते तुझं झालं. तुला नवरा नाही, पोर नाही. आई रोज उठून माझ्या ताटाकडे बघते ते तुला ठाऊक नाही.’ थोड्या वेळाने तिचा आवाज उतरला. ‘मला अक्कांचं पाहिजे. पंचमीला ये. झोका बांधतात आमच्यात, गावातल्या सगळ्या बायका असतात. बारशाला होत्या त्याच. त्यांच्यासमोर वाच. ऐकल्यावर जाईन नाहीतर राहीन. त्याआधी मी त्याला हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही.’

तेव्हापासून मी रोज दुपारी रायापूरला जाते. अक्का कानडीत सांगतात, मी आधी ते जसेच्या तसे कानडीत लिहून घेते, मग मराठीत करून त्यांना वाचून दाखवते. चुकले की दांडीवर बोट वाजते. एखाद्या दुपारी एक वाक्य येते, एखाद्या दुपारी येतच नाही आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येते. ते रागाने की दुखण्याने, हे मी लिहू शकत नाही. अप्पांनी मला जे शिकवले ते या कामासाठीच शिकवले असावे, असे मात्र मला वाटू लागले आहे. अक्का या वयात, या अवस्थेत, साऱ्या पुस्तकातले एकच प्रकरण दुसऱ्यांदा लिहीत आहेत, आणि तेही एका वाचकासाठी. त्यांचा गौरव करायला मला याहून मोठी गोष्ट माहीत नाही.

आजवर जे आले आहे ते अक्कांच्या परवानगीने इथे देते.

‘तो दारात उभा राहिला. तिने पाणी दिले. त्याने अंगठी कट्ट्यावर ठेवली. चुकलो म्हणाला. ती म्हणाली, दुकानात ये. गिऱ्हाईक असतील तेव्हा ये. लोकांसमोर सांग. तो म्हणाला, वडील बसलेले असतात. ती म्हणाली, तेव्हाही बसलेले होते. तो थांबला. पोर आतून बघत होते. त्याने अंगठी उचलली. गाडी गेली.’

यातले ‘लोकांसमोर सांग’ हे वाक्य यायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. कानडीत ते तीन शब्दांचे आहे : ‘मंदि मुंद हेळ.’ पहिले दोन शब्द आले की तिसरा निसटायचा. नाना शेजारी बसून धीर द्यायचे, पण तो शब्द ठाऊक असूनही पुरवायचे नाहीत. मी विचारले तेव्हा म्हणाले, ‘मी राजा ना गं. हे मी कसं सांगायचं? तिलाच सांगू दे.’

‘गाडी गेली’ नंतर मला वाटले, संपले. मी वही मिटली. अक्का म्हणाल्या, ‘इन्नू ऐति.’ अजून आहे. त्याला आता बरेच दिवस झाले. रोज त्या तोंड उघडतात, रोज ते वाक्य येता येता राहते. आत जाऊन वसुधा काय करते, हे असावे असा माझा अंदाज आहे, आणि तो मी त्यांच्यापुढे एकदाही ठेवलेला नाही. दुसऱ्याने पदरचे गोड वाक्य घातले की काय होते ते मी पाहिले आहे.

हा लेख मी अक्कांना पूर्ण वाचून दाखवला. बोट तीन ठिकाणी वाजले, त्या तीन जागा दुरुस्त केल्या. रेणुकेलाही फोनवर वाचून दाखवला. ‘गावाचं नाव घालू नकोस, बाकी असू दे,’ ती म्हणाली. नानांची तक्रार एवढीच, की राजाची भूमिका ‘फार वाईट’ यातला ‘फार’ काढावा. अक्कांनी बोट वाजवले. ‘फार’ राहिला आहे.

अक्कांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. अशा वेळी शंभर वर्षांची इच्छा करतात. मी इतकेच मागते : त्यांची डावी बाजू शाबूत राहो, झोप लागो, दुपारी तोंडात शब्द येवो, आणि पुढची पुष्कळ वर्षे माझ्या प्रत्येक चुकीच्या वाक्याला त्यांचे बोट त्या दांडीवर वाजत राहो. शनिवारची सतरंजी घातलेली राहो. नानांना राजाचे काम सुधारायला अजून वेळ मिळो.

समारंभ आषाढातच होत आहे, म्हणून हे पुस्तक आपल्या हाती पंचमीच्या आधी येईल. शेवटचे वाक्य तोवर आले तर ते घेऊन जाईन. नाही आले, तर झोक्यापाशी बसलेल्या बायकांना आहे तेवढे, आधी अक्कांच्या कानडीत, वाचीन आणि सांगेन की अक्कांनी इथवर सांगितले आहे, पुढचे अजून यायचे आहे. धारवाडहून कलघटगीकडे जाणारी सकाळची पहिली बस मी विचारून ठेवली आहे. मी नागपंचमीला जाणार आहे.